हिला कुठं न्यायचं

आप्पा तिच्या पायावर बसले होते. माधवीला ते कळलं नाही, दिसलं. निपाणीहून सकाळच्या बसनं ते लेकीला बघायला आले होते. केळ्यांची पिशवी त्यांनी खिडकीत ठेवली आणि नेहमीसारखं ‘बरी हाईस न्हवं?’ म्हणत कॉटच्या कडेला टेकले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं चादरीखालचा उंचवटा त्यांना दिसला नसावा. विहिरीवरची मोटर परत जळाली, वासराला गोचिड्या झाल्यात, उसाला अजून तोड आली नाही, असं काहीबाही ते सांगत होते. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता त्यांच्या धोतरापलीकडे तिला स्वतःची बोटं दिसली. डाव्या पायाची, बाहेर कललेली, एखाद्या अनोळखी माणसाची असावीत तशी. उरलेला पाय कुठं असेल हे तिच्या लक्षात आलं आणि मग ती वाट बघत राहिली. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी आणि ‘ओ’ येईल म्हणून कान देऊन थांबावं, तशी. ओ आली नाही. आप्पा वासराबद्दल बोलत राहिले. उठा म्हणावं असं तिला वाटलं, पण म्हटलं असतं तर ‘का गं?’ असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर त्या म्हाताऱ्याला द्यायचं तिच्या जिवावर आलं. बसू देत. त्यांना तेवढंच बरं वाटत असेल तर बसू देत. आपला पाय आपण कुणाला तरी बसायला दिलाय, असं काहीतरी विचित्र तिच्या मनात आलं, आणि त्याचं तिला दुःखही झालं नाही.

तेवढ्यात सिस्टर आत आली आणि ‘उठा’ म्हणून दारातूनच कानडीत ओरडली, “अज्जा, एळ्री, एळ्री!” आप्पा दचकून उभे राहिले. सिस्टरनं चादर बाजूला केली. घोट्यावर लाल वळ उठला होता. आप्पांनी वाकून, अगदी जवळून तो बघितला.

“दुखलं न्हाय तुला?”

“नाही, आप्पा.”

“मग बोलली का न्हाईस?”

तिनं केळ्यांबद्दल काहीतरी विचारलं. त्यानंतर आप्पा बसलेच नाहीत. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. परतीच्या बसची वेळ होईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

अपघाताला महिना उलटून गेला होता. जानेवारीतली संध्याकाळ होती ती. ती आणि सुहास आप्पांच्या मळ्यातून बेळगावला परतत होते. निघता निघता आप्पांनी थांबवलं होतं, जेवून जावा म्हणून. जैनाचं घर, दिवेलागणीनंतर तिथं कुणी जेवत नाही, त्यामुळं जेवण लवकर झालं, पण निघायला अंधारून आलं. तवंदी घाटात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता. सुहासनं ब्रेक मारला, स्टिअरिंग वळवलं, आणि गाडीची तिच्या बाजूची सगळी कड ट्रॉलीखाली गेली. सुहासच्या भुवईला टाके पडले. तिला आठवतो तो वास. फुटलेल्या उसाचा ओला, गोडसर, जवळजवळ आनंदाचा वास. आणि एक चप्पल पायातून निघाली आहे असं वाटून ती पायानं चप्पल शोधायला गेली, आणि पाय गेलाच नाही. तेव्हाही दुखलं नव्हतं. नुसतंच ‘गेला नाही’.

माधवी वकील. बेळगावच्या कोर्टात शेतीच्या वाटणीचे दावे चालवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. भाऊ भावाच्या वाट्यातली गुंठाभर जमीन सोडत नाही हे तिनं रोज पाहिलेलं. इथं मात्र उलटंच चाललं होतं. अपघातातला आपला वाटा जो तो वाढवून मागत होता. गाडी मी चालवत होतो, सुहास म्हणायचा. मीच जेवायला थांबवलं, आप्पा म्हणायचे. शाल्मली, तिची लेक, कॉलेजात शिकणारी, तिनं तर एकदा रडत रडत सांगितलं की मीच फोन केला होता ना आई, लवकर या म्हणून. सगळ्यांना वाटा हवा होता, आणि वाटून द्यायला माधवीकडं काही नव्हतं. ती म्हणायची, ‘कुणाचीच चूक नाही.’ ते खरं होतं आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता.

डॉक्टरांनी कॉटच्या पायथ्याशी उभं राहून सुहासला सांगितलं होतं, मणका बसवलाय, ऑपरेशन छान झालंय, मज्जारज्जूला मात्र पूर्ण इजा आहे. आता चांगल्या रिहॅबला लवकर भरती करा, उशीर करू नका. त्या दिवसापासून तिच्या कॉटभोवती एकच वाक्य फिरत होतं. सुहास फोनवर मित्रांना विचारायचा, ‘हिला कुठं न्यायचं?’ भेटायला येणारे सुहासला विचारायचे, ‘मग, कुठं नेणार?’ आप्पा व्हरांड्यात सुहासला म्हणताना तिनं ऐकलं, ‘पोरीला कुठंतरी लई चांगल्या जाग्याला न्या.’ शाळेतल्या व्याकरणाच्या बाई तिला आठवल्या. कर्ता कोण, कर्म कोण, ओळखा. ती कर्म झाली होती. हिला. माझ्या आयुष्यातली एवढी वाक्यं मी चालवली, आणि आता मला वाक्यातून उचलून दुसऱ्या टोकाला ठेवलंय, असं तिला वाटलं. तिला राग आला नाही. फक्त जागा बदलल्यासारखं वाटलं, जसं आरशात भांग उलट्या बाजूला दिसतो.

सुहासचं ठरलं होतं. बेंगळुरूचं एक मोठं हॉस्पिटल, आणि त्या हॉस्पिटलातलं एक यंत्र. माणसाला कमरेपासून पट्ट्यांनी बांधून उभं करणारं, गुडघे वाकवून त्याला चालवणारं. बेळगावजवळच्या मच्छेला सुहासचं छोटं वर्कशॉप होतं, तिथं हायड्रॉलिकचे सुटे भाग बनायचे. यंत्र बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते तिच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा वर्कशॉप दाखवायला नेलं तेव्हा लेथजवळ उभा असताना त्याचा चेहरा असाच होता. आता तो मोबाइल तिच्यासमोर धरायचा आणि व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवायचा. “हे बघ, इथं गुडघ्याला मोटर आहे. इथं सेन्सर. वजन टाकलं की कळतंय त्याला. कसलं भारी केलंय बघ की!” पडद्यावर एक तरुण मुलगा यंत्रात चालत होता. आई टाळ्या वाजवत होती. सगळ्यांचे डोळे भरून आले होते. सुहास त्या मुलाच्या गुडघ्याकडं बघायचा आणि माधवी त्याच्या तोंडाकडं. मुलगा हसत होता, पण खाली बघत होता. जिन्यावरून कुणीतरी उचलून नेताना माणूस खाली बघतो, तसा.

शाल्मलीनं बेंगळुरूला व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडचा माणूस गोड होता, कानडीत बोलत होता, तिला ‘अक्का’ म्हणत होता. खोल्या, जेवण, यंत्राच्या वेळा, सगळं त्यानं सांगितलं. मग माधवीनं विचारलं, “माझ्यासारखी पूर्ण इजा झालेले पेशंट तुमच्याकडं येत असतील. त्यांच्यापैकी यंत्र काढून, आपल्या पायांनी घरी चालत गेलं असं कुणी आहे?”

“अक्का, प्रत्येक पेशंट वेगळा असतो.”

“तेही खरं. पण कुणी आहे?”

“मनानं पॉझिटिव्ह राहिलात की अर्धं काम तिथंच होतं, अक्का.”

सुहासनं मान हलवली, बघ, म्हणून. माधवीनं आभार मानले. असे साक्षीदार तिनं खूप पाहिले होते. तो खोटं काही बोलला नव्हता. विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारच्या प्रश्नाचं त्यानं खरं उत्तर दिलं होतं. अशा साक्षीदाराला ती कोर्टात जास्त ताणायची नाही, बसा म्हणायची. मिळायचं ते मिळालेलं असायचं.

दुसरं ठिकाण शाल्मलीनं शोधलं होतं. पुण्याच्या अलीकडं, गावाबाहेर, एक लहानसं पुनर्वसन केंद्र. तिथली लतिका नावाची थेरपिस्ट फोनवर आली आणि आधी तिनंच विचारायला सुरुवात केली. घर कुठं? बेळगावातच, शहापूरला, माधवीनं सांगितलं, विणकरांच्या गल्लीत. तळमजला? हो, पण दाराशी पायऱ्या आहेत. गल्लीत गाडी दारापर्यंत येते का? नाही. न्हाणीचं दार किती रुंद आहे? माधवीनं सुहासकडं बघितलं. ज्या घरात तो जन्मला त्या घराच्या न्हाणीचं दार किती रुंद आहे हे त्याला माहीत नव्हतं. “आणि कोर्टात तुम्हाला कितव्या मजल्यावर जावं लागतं?” लतिकानं विचारलं.  महिनाभरात कोर्टाबद्दल माधवीला कुणी विचारलंच नव्हतं. शांताराम शिपायापासून जज्जसाहेबांपर्यंत सगळे भेटून गेले होते, सगळ्यांनी ‘कामाची काळजी करू नका’ म्हटलं होतं.

मग तिनं बेंगळुरूला विचारलेला तोच प्रश्न विचारला.

“अशा इजेत?” लतिका म्हणाली. “मी बघितलेल्यांत एकही नाही. चालायला शिकवू असं मी तुम्हाला सांगणार नाही, मॅडम. स्वतःचं स्वतः उठणं, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, लघवी-संडासचं आपलं आपण बघणं, कामावर जाणं, हे शिकवू. तीन-चार महिने लागतील. आणि सुरुवातीला घरच्यांना आम्ही इथं राहू देत नाही.”

‘एकही नाही’ ऐकल्यावर सुहास खोलीबाहेर गेला होता.

त्या दुपारी माधवीला थंडी वाजत होती, छातीपासून वरती. खाली थंडी-ऊन काही नव्हतंच. त्या बाईचा तिला संताप आला. एवढं सरळ विचारायला नको होतं, आणि विचारलं तरी एवढं सरळ सांगायला नको होतं. तिला खानापूरकडचा एक जुना पक्षकार आठवला, भरमू नावाचा. जंगलाच्या कडेच्या भातशेतीचा दावा होता त्याचा. कागद बघून तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ‘भरमूअण्णा, यात तुम्हाला काही मिळणार नाही.’ त्यानं कागद गोळा केले, दुसऱ्या वकिलाकडं गेला. तो दावा किती तरी वर्षं चालला आणि हरला. त्या सगळ्या वर्षांत भरमू कोर्टाच्या आवारात तिला भेटायचा, हसून नमस्कार करायचा. स्वच्छ पटका, खिशात पेन. खुळा माणूस, असं तिला दर वेळी वाटायचं. आता कॉटवर पडल्या पडल्या तिला वाटलं, खुळा कसला. तारखेच्या दिवशी सकाळी उठून, अंघोळ करून, आज काहीतरी होईल म्हणत त्यानं बस पकडली असेल. त्या सगळ्या सकाळी त्याला मिळाल्या. मी देऊ केल्या नव्हत्या, दुसऱ्यानं दिल्या. मलाही मिळतील की. बेंगळुरूला रोज सकाळी मला यंत्रात बांधतील, मी चालेन, सुहास बघेल. हे काय कमी आहे? ती बराच वेळ या विचारात राहिली. विचार उबदार होता.

लतिकानं एक नंबर दिला होता. आमच्याकडं राहून गेलेला मुलगा आहे, तुमच्याच भागातला, त्याच्याशी बोला, म्हणाली होती. शाल्मलीनं त्याला फोन केला तर तो म्हणाला, मीच येतो की, बेळगावला काम हाय. त्याचं नाव स्वरूप. खानापूरला तालुका कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. फणसाच्या झाडावरून पडला होता तो, लग्न ठरलेलं असताना. तो चाकाच्या खुर्चीतून दारात आला तेव्हा माधवीनं त्याच्या खांद्यांकडं बघितलं नाही, शर्टाकडं नाही, हसऱ्या तोंडाकडं नाही. तिची नजर थेट त्याच्या पायांवर गेली. पँटच्या आत काही नसल्यासारखे ते पाय होते. असे होणार आपले.  तिनं तोंड फिरवलं, आणि तिनं तोंड फिरवलेलं त्यानं बघितलं.

“होतंय तसं,” तो म्हणाला. “मला बी झालतं.”

सुहासनं विचारलं, “किती वर्षं झाली?”

“सात.”

“आणि अजून काहीच... म्हणजे पायांत?”

“न्हाई, सर.”

“बेंगळुरूला यंत्र आहे. तुम्ही प्रयत्न केला नाही का?”

“यंत्रात चाललोय की मी. बरं वाटतंय तेवढा येळ. लई बरं वाटतंय.” तो थांबला. “मग काढतात त्ये.”

 माधवीनं लग्नाचं विचारलं. ते मोडलं, तो म्हणाला, तिचं दुसरीकडं झालं, बरी आहे ती. मधे एकदा कूस बदलायची हयगय केली तर पाठीला जखम झाली, चार महिने पालथं पडून काढले. अजूनही आई जेवताना रडते, सणासुदीला. हे सगळं तो तक्रार न करता सांगत होता, आणि माधवीला वाटत होतं, याला कशाला बोलावलं. हा उठून जावा. उठून, हा शब्द मनात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात त्याच्या मांडीवरचा मोबाइल घसरून फरशीवर पडला. सुहास लगेच वाकला.

“असू दे, सर,” स्वरूप म्हणाला. एक कोपर त्यानं खुर्चीच्या मागच्या दांडीला अडकवलं, दुसऱ्या बाजूनं अंग खाली सोडलं, पार खाली, डोकं गुडघ्याशेजारी जाईपर्यंत. बोटांनी मोबाइल पकडला, कोपरानं अंग वर ओढून घेतलं, काच पुसली. बोलणं जिथं थांबलं होतं तिथून त्यानं पुढं सुरू केलं. या गोष्टीचं त्याला काही वाटलंसुद्धा नव्हतं.

तो गेल्यावर माधवी छताकडं बघत राहिली. पाण्याची बाटली, चष्मा, फोन, नॅपकिन. महिनाभर या वस्तू तिच्या हातून पडायच्या, आणि पडल्या की त्या जगातून जायच्या. कुणी येईपर्यंत त्या नसायच्याच. तिनं दिवसभरात किती वेळा ‘जरा देतोस का’, ‘जरा देतेस का’ म्हटलं असेल. चालणं तिला आठवत होतं, पण लांबचं, फोटोतल्यासारखं. पडलेली वस्तू उचलणं मात्र हातात आठवत होतं. बोटांच्या टोकांना. तिला भूक लागावी तसं ते हवंसं वाटलं.

संध्याकाळी सुहास डबा घेऊन आला तेव्हा तिनं सांगितलं. “मी पुण्याला जाते. त्या केंद्रात.”

सुहास डबा उघडता उघडता थांबला. “बेंगळुरूला मी हो म्हणून सांगितलंय.”

“त्यांना नाही म्हणून सांग.”

“का? त्या पोरानं काय दाखवलं तुला? पडलेला फोन उचलून?”

“हो.”

“एवढंच?”

“सध्या मला एवढंच हवंय.”

“हार मानायलीस तू, माधवी.” त्याचा आवाज चढला, आणि लगेच उतरला, कारण दारात सिस्टर उभी होती. ती गेल्यावर तो हळू म्हणाला, “तू चाललीच नाहीस, तर मी काय करायचं? रोज तुला असं बघायचं?”

भुवईवरच्या टाक्यांचा व्रण त्याला अजून ओढत होता, त्यामुळं एक डोळा सतत आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. या माणसाला मी शिक्षा सुनावतेय, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, नाही. शिक्षा तो स्वतःच घेऊन बसलाय, आणि माफीचा अर्ज माझ्या पायांकडं केलाय. पायांना कुठलं ऐकू येतंय?

“हो,” ती म्हणाली. “रोज बघायचं. मीही बघणार आहे. तुला वाटतंय मी उठून चालले की तो घाट पुसला जाईल. उद्या चालले तरी नाही पुसला जाणार, सुहास. मला शिकायला जायचंय. तुझी सुटका करायला नाही.”

तिला वाटलं तो बाहेर जाईल. तो गेला नाही. डब्यातली आमटी त्यानं वाटीत ओतली, थोडी सांडली, नॅपकिननं पुसली. पुसलेल्या जागेवरून परत पुसलं.  ती त्याच्या हातापर्यंत पोचू शकत नव्हती, म्हणून तिनं फक्त चादरीवर आपला हात उघडा ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं त्यावर हात ठेवला. वर्कशॉपमधल्या तेलाचा, साबणानंही न जाणारा वास त्या हाताला येत होता.

“न्हाणीचं दार,” तो म्हणाला, “ती बाई म्हणाली होती... किती पाहिजे म्हणे?”

“विचारलं नाही मी.”

“विचारून घे. मापं घेतो मी उद्या.”

मार्चच्या सुरुवातीला ती पुण्याला गेली. सुहासनं सोडलं, आणि नियमाप्रमाणं त्याला दुसऱ्या दिवशी परतावं लागलं. निघताना तो कॉरिडॉरमधल्या कठड्याची उंची पट्टीनं मोजत होता. केंद्रातले पहिले दिवस वाईट होते. बसवलं की चक्कर यायची. लतिका फोनवर वाटली होती त्याहून कडक होती आणि फार कमी बोलायची. शेजारच्या कॉटवरची कराडची मुलगी सकाळी उठली की आधी रडायची, मग केस विंचरायची. कूस इथंही आधी दोघं जण बदलून द्यायचे, एक खांद्याशी, एक कमरेशी, वळकटी फिरवावी तशी. मग लतिका म्हणाली, आता तुम्ही. हातानं एक पाय दुसऱ्यावर टाकायचा, दोन्ही हात एका बाजूला न्यायचे आणि झोका देऊन दुसऱ्या बाजूला फेकायचे. अंग हातांच्या मागं जातं. माधवीचं अंग जायचं नाही. अर्ध्यात थांबायचं आणि परत उताणं पडायचं. लतिका म्हणायची, उद्या.

एका दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिनं सहज हात फेकले. कुणी बघत नव्हतं म्हणून असेल, किंवा रागानं असेल. खांदा गेला, पाठ गेली, क्षणभर सगळं एका कडेवर तोललं गेलं, आणि मग कंबर मागोमाग आली, जड, आज्ञाधारक. तिचा गाल उशीवर टेकला. समोर खिडकी होती. इतके दिवस ती खिडकी फक्त कुणी वळवलं की दिसायची. ती धापा टाकत होती. हसत होती की काय ते तिला कळलं नाही. फोन हाताशी होता. सुहासला लावावा असं वाटलं, पण तो वर्कशॉपला मशीनवर असेल. तिनं आप्पांना लावला.

“आप्पा, मी कूस बदलली.”

“व्हय? कुणी बदलून दिली?”

“कुणी नाही. मी.”

  पलीकडं आप्पा खाकरले.

“आता तोंड कुणीकडं हाय तुझं?”

“खिडकीकडं.”

“काय दिसतंय?”

तिनं बघितलं. “भिंत आहे. भिंतीपलीकडं एक माणूस म्हैस धुतोय.”

“कसली म्हैस?”

“शिंगं लांब आहेत, पाठीवर गेलेली. पंढरपुरी असेल.”

“दुधाला कशी हाय, इचार की त्याला.”

“आप्पा, मी वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतनं कसं विचारू?”

“मग खाली जाशील तवा इचार,” आप्पा म्हणाले.

पलीकडचा माणूस बादलीनं पाणी ओतत होता आणि म्हैस डोळे मिटून उभी होती.

“विचारते,” माधवी म्हणाली.